भुवया लावून मिळतात. पण आधी त्या का गेल्या ते विचारा

अलीकडे ओपीडीत एक प्रश्न वरचेवर येतो. "डॉक्टरसाहेब, भुवया पार विरळ झाल्या. नागपूरला म्हणे डोक्यावरचे केस काढून भुवईत लावून देतात. करून घेऊ का?" विचारणारे तरुण असतात तसे पन्नाशीचेही असतात. बहुतेकांनी मोबाईलवर आधीचे आणि नंतरचे असे जोडफोटो पाहिलेले असतात. काहींनी तर पैसे भरायची तारीखसुद्धा ठरवलेली असते.

या प्रश्नाची माझी दोन उत्तरे आहेत. पहिले उत्तर : भुवई का गेली हे कळल्याशिवाय कोणीही, विशेषतः आपल्या भंडारा जिल्ह्यात राहणाऱ्याने, भुवईत केस लावून घेऊ नयेत. दुसरे उत्तर : ज्यांची भुवई कुष्ठरोगाने गेली आणि जे आता औषध घेऊन पूर्ण बरे झाले, त्यांच्यासाठी हीच शस्त्रक्रिया चैनीची नाही. ती त्यांच्या उपचाराचा शेवटचा टप्पा आहे आणि सरकारी कार्यक्रमात तिला जागा मिळायला हवी.

दोन्ही उत्तरे सविस्तर सांगतो.

भुवईचे काम काय?

कपाळावरून ओघळणारा घाम थेट डोळ्यांत जाऊ नये म्हणून भुवई त्याला बाजूला वळवते. उन्हात रोवणी करणाऱ्या, डोक्यावर ओझे वाहणाऱ्या माणसाला हे काम किती मोलाचे आहे ते विचारा. दुसरे काम त्याहून मोठे. राग, आश्चर्य, काळजी, होकार हे सगळे आपण भुवईने बोलतो. समोरच्याचा चेहरा आपण ओळखतो त्यातही भुवईचा वाटा मोठा असतो. भुवया नसलेला चेहरा ओळखीचा असूनही अनोळखी वाटतो. म्हणून भुवई गेलेला माणूस अस्वस्थ होतो, त्याला "एवढ्याशा केसांचं काय घेऊन बसलास" म्हणून हसण्यावारी नेऊ नका.

भुवई कशाने जाते?

कारणे बरीच आहेत. नेहमी दिसणारी अशी :

1. वर्षानुवर्षे थ्रेडिंग किंवा चिमट्याने उपटणे. मुळे पुन्हा पुन्हा ओढली गेली की काही केस कायमचे यायचे थांबतात.
2. चाई. यात शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती केसांच्या मुळांवर उलटते. भुवईत गोल, गुळगुळीत जागा पडते. बऱ्याचदा केस आपोआप किंवा औषधाने परत येतात.
3. थायरॉईड कमी पडणे. भुवईची बाहेरची, म्हणजे कानाकडची बाजू विरळ होते. सोबत थकवा, वजन वाढणे, थंडी सहन न होणे, बद्धकोष्ठता, स्त्रियांमध्ये पाळीच्या तक्रारी.
4. अॅलर्जीचा इसब. खाज येते म्हणून माणूस भुवई चोळत राहतो आणि केस झिजतात.
5. सिफिलिस या गुप्तरोगाचा दुसरा टप्पा. केस कसर लागल्यासारखे ठिकठिकाणी जातात.
6. भाजणे, अपघात, टाके. तिथे डाग राहतो आणि डागात केस उगवत नाहीत.
7. कॅन्सरची काही औषधे. ही बंद झाल्यावर केस बहुधा परत येतात.
8. काहींना ताणात स्वतःचेच केस उपटायची सवय असते. लहान मुलांत आणि तरुण मुलींत ही लपवली जाते.
9. कुष्ठरोग.

यादी मुद्दाम दिली, कारण यातल्या निम्म्याहून अधिक कारणांत शस्त्रक्रियेची गरजच पडत नाही. थायरॉईडच्या गोळीने, चाईच्या उपचाराने, चिमटा बाजूला ठेवल्याने बऱ्याच भुवया परत येतात. आणि कारण तसेच ठेवून वर केस लावले, तर चाईत किंवा उपटण्याच्या सवयीत लावलेले केसही जातात. पैसे जातात ते वेगळेच.

नववे कारण आपल्या भागात पहिले तपासा

डिसेंबर 2005 मध्ये देशपातळीवर कुष्ठरोगाचे प्रमाण दर 10,000 लोकसंख्येमागे 1 पेक्षा खाली आले. त्याला 'निर्मूलन' म्हटले गेले. या शब्दाने फार घोटाळा केला. लोकांना वाटले, रोग संपला. तो संपलेला नाही. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या आपल्या पूर्व विदर्भाच्या पट्ट्यात आजही नवे रुग्ण सापडतात, आणि त्यांत लहान मुलेही असतात. मुलात कुष्ठरोग सापडणे म्हणजे आसपास कोणाला तरी उपचार न घेतलेला आजार आहे.

कुष्ठरोगाचा चट्टा सगळ्यांना ठाऊक असतो. फिकट किंवा लालसर, खाज नाही, आग नाही, टोचले तर कळत नाही. गावोगावच्या भिंतींवर हेच रंगवलेले आहे. पण आजाराचा एक प्रकार असा आहे की ज्यात जंतू अंगभर पसरलेले असतात आणि सुरुवातीला बधिर चट्टा दिसतच नाही. या प्रकारात कातडी तेलकट, चकचकीत आणि थोडी जाड होते. कानाच्या पाळ्या जाडसर किंवा गाठीगाठीच्या होतात. नाक चोंदल्यासारखे राहते, कधी रक्त येते. पायांवर सूज येते. आणि भुवया दोन्ही बाजूंनी, बाहेरच्या टोकापासून विरळ व्हायला लागतात. उपचार मिळाला नाही तर हळूहळू पूर्ण जातात, पापण्यांचे केसही जातात.

हा माणूस घरात आजारी वाटत नाही. उलट चेहऱ्यावर तजेला आला म्हणून लोक कौतुक करतात. त्याला वेदना नाही, चट्टा नाही. त्याला फक्त भुवई विरळ झालेली दिसते. मग तो पार्लरमध्ये पेन्सिलने रेषा काढून घेतो, मेडिकलमधून केस वाढवायचे औषध आणतो, किंवा केस लावून देणाऱ्या क्लिनिकमध्ये जातो. आणि याच प्रकारात जंतूंची संख्या सर्वांत जास्त असते. खोकल्या-शिंकेतून, दीर्घ सहवासातून तो घरच्यांना लागण देऊ शकतो. सुदैवाने बहुसंख्य लोकांच्या अंगात या जंतूशी लढायची ताकद जन्मतः असते. तरी सगळ्यांच्या नाही.

भुवईच का, आणि डोक्याचे केस का नाहीत? या जंतूला शरीराचा थंड भाग आवडतो. नाक, कानाची पाळी, भुवईची बाहेरची बाजू, कोपर, गुडघा हे भाग आतल्या शरीरापेक्षा थंड असतात. डोक्याची कातडी केसांनी झाकलेली आणि भरपूर रक्तपुरवठ्याची, म्हणून उबदार. त्यामुळे भुवया पूर्ण गेलेल्या कुष्ठरुग्णाच्या डोक्यावर बहुधा दाट केस असतात. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे शस्त्रक्रियेच्या वेळी ती कामाला येणार आहे.

म्हणून माझे सांगणे असे : दोन्ही भुवया बाहेरून विरळ होत असतील तर आधी दोन तपासण्या करा. एक, रक्तातील टीएसएच. दोन, कुष्ठरोगाची तपासणी. दुसरीला दहा-पंधरा मिनिटे लागतात. पूर्ण अंगाची कातडी उजेडात पाहायची, कानाच्या पाळ्या चाचपायच्या, कोपराजवळची, मानेजवळची, गुडघ्याच्या बाहेरची नस जाड आहे का ते पाहायचे, हातापायांची संवेदना आणि ताकद तपासायची. शंका असेल तर कानाच्या पाळीतून किंचित द्रव घेऊन काचपट्टीवर जंतू पाहतात. प्राथमिक आरोग्य केंद्रात सांगितलेत तर पुढची व्यवस्था होते, जिल्हा सामान्य रुग्णालयात तर होतेच. पैसे लागत नाहीत.

केस लावणाऱ्या क्लिनिकमध्ये ही तपासणी झाली नाही, तर उद्या त्या माणसाची भुवई दिसायला भरेल आणि आजार आत वाढत राहील. डॉक्टरकडे घेऊन जाणारी एकमेव खूण आपण पैसे मोजून झाकली, असे होईल. पुढे त्याच्या हाताची बोटे वाकली, पायाला न कळणारी जखम झाली, तर त्या सुंदर भुवईचा काय उपयोग?

औषधाने आजार जातो, भुवई मात्र परत येत नाही

कुष्ठरोगावरची बहुविध औषधोपचार पद्धती जागतिक आरोग्य संघटनेने 1981-82 च्या सुमारास पुढे आणली आणि आपल्या देशात 1983 पासून राष्ट्रीय कुष्ठरोग निर्मूलन कार्यक्रमातून ती पसरली. गोळ्यांची पाकिटे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. आजाराच्या प्रकारानुसार 6 किंवा 12 महिने घ्यायची. उपचार सुरू झाला की लागण देण्याची शक्यता झपाट्याने कमी होते. कोर्स पूर्ण केलेला माणूस बरा झालेला असतो. त्याच्याजवळ बसल्याने, त्याच्या ताटात जेवल्याने, त्याच्याशी सोयरीक केल्याने कोणालाही काही होत नाही. हे वाक्य पुन्हा एकदा वाचा.

पण मुळांसकट नष्ट झालेले भुवईचे केस गोळ्यांनी उगवत नाहीत. लवकर उपचार सुरू झाला तर काही केस टिकतात, थोडे परततात. उशीर झाला तर नाही. म्हणजे माणूस रक्तात, नसेत, कातडीत जंतूमुक्त होतो आणि चेहऱ्यावर आजाराची पाटी घेऊन फिरतो.

असे रुग्ण मी अनेक पाहिले. लाखांदूरकडचे एक शेतकरी काका दर दोन-तीन महिन्यांनी बीपीच्या गोळ्यांसाठी येतात. कुष्ठरोगाचा कोर्स कधीचाच पूर्ण झालेला. हात-पाय धड, स्वतः नांगर धरतात. एकदा बीपी पाहून झाल्यावर हळूच म्हणाले, "साहेब, पोरीले पाहायले पाहुणे येतात. मी घरी राहतच नाही त्या दिवशी. बांधीवर जाऊन बसतो." मी कारण विचारले तर त्यांनी फक्त कपाळाकडे बोट दाखवले.

मुलीला पाहायला येतात तेव्हा बाप घरी नसतो. आता सांगा, ही शस्त्रक्रिया चैनीची आहे का?

केस लावतात म्हणजे नेमके काय करतात?

आपल्या धानाच्या भाषेत सांगतो. आपण पऱ्हे एका जागी टाकतो, वाढले की उपटून बांधीत रोवतो. केसांचेही तसेच. डोक्याच्या मागच्या किंवा कानामागच्या भागातून मुळांसकट केस काढतात आणि भुवईच्या जागी बारीक छिद्रे करून एकेक रोवतात. भूल फक्त त्या जागेपुरती दिलेली असते. दोन्ही भुवयांचे काम तीन ते पाच तास चालते. पूर्ण गेलेल्या एका भुवईला साधारण 200 ते 350 केस लागतात.

धान कोणत्याही बांधीत रोवा, वाण बदलत नाही. केसही भुवईत गेला म्हणून भुवईचा होत नाही, तो डोक्याचाच राहतो. अमेरिकेतील डॉ. नॉर्मन ओरेंट्राइक यांनी 1959 मध्ये हे तत्त्व मांडले आणि आजचे सगळे केशरोपण त्यावर उभे आहे. याचा रोजच्या जीवनातला अर्थ असा : भुवईचा मूळ केस एक-दोन महिने वाढतो आणि थांबतो, डोक्याचा केस काही वर्षे वाढत राहतो, महिन्याला सुमारे एक सेंटीमीटर. म्हणून लावलेल्या भुवया दर आठ-पंधरा दिवसांनी कात्रीने कापाव्या लागतात, आणि तेही आयुष्यभर. हे आधी सांगितले नाही तर लोक नंतर घाबरतात.

कौशल्य सगळे दिशेत आहे. भुवईचे केस कातडीला जवळजवळ चिकटून, अगदी कमी कोनात निघतात. नाकाजवळचे केस वर जातात, मधले आडवे कानाकडे झुकतात, वरच्या ओळीतले किंचित खाली आणि खालच्या ओळीतले किंचित वर येऊन मध्ये मिळतात. शिवाय एका छिद्रात एकच केस हवा. कोन चुकला की भुवई ब्रशसारखी उभी राहते. डोक्यावर हजारो केस लावणारा प्रत्येक जण भुवई नीट लावेलच असे नाही.

पुढचा प्रवासही माहीत असावा. पहिले काही दिवस सूज, डोळ्यांभोवती काळेनिळेपणा, बारीक खपल्या. खपल्या आठवडाभरात पडतात, त्या ओढायच्या नाहीत. दोन ते चार आठवड्यांत लावलेले बरेच केस गळतात. रोवणीनंतर पऱ्हे आधी पिवळे पडतात आणि मग धरतात, तसेच हे. मूळ आत जिवंत असते. तीन-चार महिन्यांनी नवे केस दिसू लागतात आणि खरा निकाल 9 ते 12 महिन्यांनी कळतो. काही केस धरत नाहीत, म्हणून कधी दुसरी बैठक लागते. जंतुसंसर्ग, डाग, दोन भुवयांत फरक हे संभाव्य धोके आहेत.

ही शस्त्रक्रिया आली कुठून?

आज जाहिरातींत लग्नाच्या मेकअपशेजारी दिसणाऱ्या या शस्त्रक्रियेचा इतिहास वेगळा आहे. जपानचे डॉ. शोजी ओकुदा यांनी 1939 मध्ये डोक्यासोबत भुवईतही छोट्या गोल तुकड्यांनी केस लावल्याचे लिहून ठेवले. त्याच जपानमध्ये 1953 मध्ये डॉ. फुजिता यांनी कुष्ठरुग्णांच्या भुवया पुन्हा घडवण्यावर लिहिले. आपल्या महाराष्ट्रात मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात प्लास्टिक सर्जरी विभाग उभा करणारे डॉ. नोशिर अंतिया यांनी कुष्ठरुग्णांच्या हातांसोबत चेहऱ्यांवरही शस्त्रक्रिया केल्या. बसलेले नाक उचलणे, गेलेली भुवई बनवणे हे त्यांना दुय्यम काम वाटले नाही.

त्या काळी एकेक केस लावण्याचे तंत्र नव्हते. कानामागची केसाळ कातडीची पट्टी कापून भुवईच्या जागी बसवत. किंवा कानशिलावरून जाणाऱ्या रक्तवाहिनीला जोडलेला डोक्याच्या कातडीचा तुकडा आतून बोगदा करून भुवईपर्यंत आणत. त्या भुवया जरा जाड आणि झुपकेदार दिसत, पण रुग्णाला बाजारात जाता येई. या सगळ्यांना आधार एकच होता : कुष्ठरोगात भुवई जाते, डोक्याचे केस राहतात.

म्हणजे ही शस्त्रक्रिया सुरुवातीच्या काळातच कुष्ठरोगाने विद्रूप झालेल्या चेहऱ्यांच्या कामी आली. पुढे ती ज्यांच्याकडे पैसे होते त्यांच्याकडे गेली आणि ज्यांना तिची खरी निकड होती त्यांच्यापासून दूर राहिली.

माझे मत : भुवईसुद्धा उपचारात मोजा

कुष्ठरोगातील विकृती मोजण्याची जागतिक आरोग्य संघटनेची पद्धत डोळे, हात आणि पाय पाहते. भुवई त्यात नाही. कार्यक्रमाचा भरही साहजिकच वाकलेली बोटे, लुळा पडलेला पाय, न मिटणारी पापणी यांच्या शस्त्रक्रियांवर असतो. अशा पुनर्रचनात्मक शस्त्रक्रिया मोफत होतात आणि बुडालेल्या मजुरीपोटी रुग्णाला 12,000 रुपये मदतही मिळते. ही चांगली योजना आहे. आपल्या माहितीतल्या कुष्ठरोगमुक्त माणसाच्या हातापायात व्यंग असेल तर त्याला आवर्जून सांगा.

पण जे मोजले जात नाही त्यावर उपचार होत नाही, हा सरकारी कामाचा नियम आहे. भुवई मोजली जात नाही.

मला माहीत आहे की यावर आक्षेप येतील. पहिला : पैसे मर्यादित आहेत, सर्जन मर्यादित आहेत, आधी हात की आधी भुवई? उत्तर उघड आहे, आधी हात. ज्याला घास उचलता येत नाही त्याचा नंबर पहिला. पण नंबर मागे असणे वेगळे आणि यादीतच नसणे वेगळे. जागेवरची भूल, छोटे चाकू, दुर्बिणीचा चष्मा आणि संयम एवढ्यावर हे काम होते. वैद्यकीय महाविद्यालयांतील त्वचारोग आणि प्लास्टिक सर्जरी विभागांत शिकाऊ डॉक्टरांना केशरोपण शिकायचेच असते. महिन्यातून एक दिवस कुष्ठरोगमुक्तांच्या भुवयांसाठी ठेवला, तर शिकणाऱ्यांना शिक्षण मिळेल आणि रुग्णांना चेहरा मिळेल.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. कोणी म्हणेल, चेहरा कशाला बदलता, समाजाची नजर बदला. हा विचार विदर्भाने देशाला शिकवला. मनोहरजी दिवाणांनी 1936 मध्ये वर्ध्याजवळ दत्तपूरला, शिवाजीराव पटवर्धनांनी 1946 मध्ये अमरावतीला तपोवनात, बाबा आमट्यांनी 1949 पासून वरोऱ्याच्या आनंदवनात हेच केले. नजर बदलायलाच हवी. कायदा बदलायलाही किती वर्षे लागली पाहा : जोडीदाराला कुष्ठरोग आहे म्हणून घटस्फोट मागण्याची सोय आपल्या कायद्यांत 2019 पर्यंत होती. त्या वर्षीच्या दुरुस्तीने ती निघाली. समाजाची नजर कायद्याच्याही मागून चालते. तोवर बांधीवर जाऊन बसणाऱ्या बापाला "थांबा, समाज बदलतोय" असे सांगायचे का? दोन्ही कामे एकाच वेळी चालू शकतात. आणि निवड त्या माणसाची आहे. ज्याला भुवईशिवाय ताठ मानेने फिरायचे आहे त्याला माझा नमस्कार. ज्याला भुवई हवी आहे त्याला ती मिळावी.

करून घ्यायचीच असेल तर

कारण कुठलेही असो, या अटी पाळा :

1. आधी निदान. थायरॉईड असेल तर आधी ते आटोक्यात आणा. चाई असेल तर ती बराच काळ शांत हवी. डाग असेल तर तो पक्का होऊ द्या.
2. कुष्ठरोग असेल तर औषधाचा पूर्ण कोर्स झालेला हवा आणि निदान सहा महिने कसलीही रिअॅक्शन, नसांचा दाह किंवा स्टिरॉइडच्या गोळ्या नकोत. ही मुदत हातापायांच्या शस्त्रक्रियांसाठी पाळली जाते. भुवईलाही तीच लावावी असे माझे मत आहे.
3. कुष्ठरोगाने भुवई गेलेल्यांनी डोळ्यांची तपासणी चुकवू नये. पापणी पूर्ण मिटते का, बुबुळाची संवेदना शाबूत आहे का, हे भुवईपेक्षा महत्त्वाचे. डोळा वाचवा, मग भुवई.
4. भुवईची जागा बधिर असेल तर शस्त्रक्रियेनंतर दुखणार नाही. म्हणून रोज आरशात पाहा. लाली, पू, सूज दिसली तर लगेच दाखवा.
5. शस्त्रक्रिया कोण करणार ते नावानिशी विचारा. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने 2022 मध्ये केशरोपणाबद्दल सूचना काढल्या. हे काम प्रशिक्षित, नोंदणीकृत डॉक्टरने करायचे आहे, नुसते व्हिडिओ पाहून किंवा मदतनिसाच्या भरवशावर नाही. डॉक्टरने फक्त रेषा आखून निघून जायचे आणि बाकी मदतनिसाने उरकायचे, असे दुकान दिसले तर उठून या.
6. आधीच्या भुवईच्याच केसेस दाखवा म्हणा, डोक्याच्या नव्हे. खर्च आणि दुसऱ्या बैठकीचे पैसे लेखी घ्या.
7. मधुमेह, रक्त पातळ करणारी गोळी, अंगावर गाठीसारखे डाग वाढण्याची प्रवृत्ती असेल तर आधीच सांगा.

शस्त्रक्रिया नको असेल तर पेन्सिल, चिकटवायच्या भुवया, किंवा कातडीत रंग भरून घेणे हे पर्याय आहेत. रंग भरताना सुई नवी आणि निर्जंतुक असल्याची खात्री करा. मिनॉक्सिडिल नावाचे लावायचे औषध विरळ भुवईला काहींना उपयोगी पडते, पण जिथे मूळच नाही तिथे ते काही करू शकत नाही. स्वतःच्या मनाने स्टिरॉइडचे मलम मात्र चेहऱ्याला लावू नका.

शेवटी एवढेच

आज घरी गेल्यावर आपल्या माणसांच्या चेहऱ्याकडे नीट पाहा. कोणाच्या दोन्ही भुवया बाहेरून विरळ झाल्या असतील, कानाच्या पाळ्या जाड वाटत असतील, चेहरा विनाकारण चकाकत असेल, तर आशाताईला सांगा किंवा थेट दवाखान्यात घेऊन या. घरात कुष्ठरोगाचा रुग्ण निघालाच तर सहवासातल्या बाकीच्यांनाही तपासून रिफाम्पिसिनचा एक प्रतिबंधक डोस दिला जातो. तो नाकारू नका.

आणि ज्यांचा कोर्स पूर्ण झाला आहे, पण भुवया गेल्या आहेत, त्यांनी पुढच्या भेटीत डॉक्टरांना न लाजता विचारावे : माझ्या भुवईचे काही होईल का? पाच जणांनी विचारले तर डॉक्टर ऐकून घेतील. पन्नास जणांनी विचारले तर जिल्ह्याच्या बैठकीत विषय निघेल. मागणी नोंदली गेली की उद्या मोजणीही होईल.